खोगीरभरतीला नाही म्हणणाऱ्या दोघांस

जालन्याचे वेल्डिंगवाले मिस्त्रीकाका आणि शेजारच्या गाळ्यातले सीटवाले चाचा, दोघांनाही सप्रेम नमस्कार.

लांब पल्ल्याला निघणाऱ्या आम्हा मोटारसायकलवाल्यांच्या मागण्या ठरलेल्या: दोन्ही बाजूंना बॅगा लावायचा रॅक जाड लोखंडाचा पाहिजे आणि सीट गादीसारखी मऊ. तुम्ही दोघांनी या दोन्हींना साफ नाही म्हटलंत. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्या नकाराचे, आणि त्यामागचं कारण बाकीच्यांनाही कळावं म्हणून पत्र उघड लिहितो आहोत.

मिस्त्रीकाका, ज्या गावच्या रोलिंग मिल दिवसरात्र सळई लाटतात, तिथे बसून ‘रॅकला सळई नको’ म्हणायला हिंमत लागते. हिशोब मात्र तुमच्याच बाजूचा आहे. १२ मिमी सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते. तुम्ही घेतलेली १६ मिमी बाहेरच्या व्यासाची, २ मिमी जाडीची नळी मीटरला साधारण ६९० ग्रॅम. नळी हलकी, तरी वाकायला सळईच्या दुपटीहून ताठ, कारण वाकताना बहुतेक ताण बाहेरच्या कडेवर येतो आणि मधलं लोखंड नुसतं वजन वाढवतं. बांधकामाच्या सळईचं बळ तिच्या बाहेरच्या कडक थरात असतं, आणि वेल्डिंगची धग आधी तोच थर नरम करते. दोन्ही बाजू धरून साडेपाच मीटर नळी लागली, म्हणजे पावणेचार किलो. तेवढ्याच सळईला पाच किलोच्या जवळ गेलं असतं.

पण खरं काम नळीचं नव्हतंच, आधारांचं होतं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराच्या लाटा होतात. अशा लाटेवर आठ किलोची बॅग क्षणभर दुप्पट-तिप्पट जड होते आणि दर वेळी रॅकला आत-बाहेर हलवते. बहुतेक रॅक मोडतात ते असेच, एका दणक्याने नाही, हजारो छोट्या हिसक्यांनी. चीर पडते तीही वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या कडेला. म्हणून तुम्ही प्रत्येक बाजूला तीन आधार दिलेत: सीटखालच्या चासीचा बोल्ट, मागच्या फूटरेस्टचा बोल्ट, आणि नंबर प्लेटमागून डावी-उजवी बाजू जोडणारी आडवी नळी. ही तिसरी नसेल तर पहिल्या दोघांचा उपयोग अर्धाच. कोपऱ्यांना ३ मिमी पत्र्याचे तिकोनी तुकडे लावलेत आणि चासीला एकही टाका मारला नाहीत, हे सगळ्यात महत्त्वाचं.

टॅक, म्हणजे जागा पक्की करायचे छोटे तात्पुरते टाके, मारण्याआधी टाकी आणि सीट उतरवली, बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या, ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरचा, कनेक्टर काढला. गाडीवर फक्त टॅक, पक्कं वेल्डिंग टेबलावर. अडीच मिमीचा रॉड आणि ७० अँपिअरच्या आसपास करंट. त्याहून चढवला की २ मिमी जाडीची नळी भोकं पाडून घेते. नळीच्या खालच्या टोकाला ५ मिमीचं भोक ठेवलंत, नाहीतर आत साचलेलं पाणी रॅकला आतून खातं आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो.

बोल्टचं तर शिकवणीला बसल्यासारखं झालं. रॅकची ५ मिमीची पट्टी मध्ये आली की जुना बोल्ट तेवढाच कमी आत जातो. एम-८ बोल्टचे निदान ८ मिमी आटे पकडले पाहिजेत, म्हणून ८.८ ग्रेडचे लांब बोल्ट. फट भरायला वॉशरची चळत नाही, लेथवर काढलेलं एकच नळकांडं, म्हणजे बुश, कारण चळत कलते आणि बोल्ट वाकतो. पावडर कोटिंग झाल्यावर बोल्टखालचा रंग तुम्ही खरवडून काढलात तेव्हा आधी जीव हळहळला. पण तो जाड थर दाबाखाली हळूहळू चेपतो आणि घट्ट आवळलेला बोल्ट आपोआप सैल पडतो. उघड्या पडलेल्या जागेवर ग्रीसचा हात, आट्यांवर बोल्ट सैल पडू न देणारं निळं थ्रेडलॉक, आवळणी २५ न्यूटन-मीटरची, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना.

बॅग आणि सायलेन्सरमध्ये ५० मिमी अंतर, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. मडगार्डपासूनही तेवढंच अंतर ठेवायला लावलंत, कारण कच्च्या रस्त्याची चिकण माती तिथे लिंपली गेली की चाक जाम होतं. वजनाचं सूत्र सोपं: जड सामान खाली आणि पुढे, दोन्ही बाजूंत किलोभरापेक्षा जास्त फरक नको, मागच्या वरच्या पेटीत फक्त हलकं. ती पेटी मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकते, भरली की पुढचं चाक हलकं होतं आणि वेग घेतल्यावर हँडल थरथरायला लागतं. आपली जुनी पडशी आठवा, दोन्हीकडे सारखी आणि पाठीला चिकटून. घोड्याला कळतं ते गाडीलाही कळतं.

आता चाचा, तुमच्याकडे.

मऊ फोमची सीट पहिली दहा मिनिटं झकास लागते. तासाभराने फोम पार चेपतो आणि बसण्याची दोन हाडं थेट खालच्या प्लास्टिकवर टेकतात. वर आणखी मऊ थर टाकणं म्हणजे शब्दशः खोगीरभरती. तुम्ही आधी कोरुगेटेड पुठ्ठा दिलात, कडक बाकावर त्यावर मिनिटभर बसवलंत आणि उमटलेल्या दोन खळग्यांचं अंतर मोजलंत. ते १२ सेंटिमीटर आलं. सीटचा सपाट भाग दोन्ही बाजूंना त्याच्या थोडा पुढे जायला हवा. मग पाणसळ ठेवलीत. सीट पुढे उतरती होती, म्हणून माणूस टाकीकडे घसरतो आणि दर पाच मिनिटांनी मागे सरकतो. बरीचशी कंबरदुखी त्या सरकण्याची. नुसता पुढचा भाग उचलला तर तो मांड्यांत रुततो. तुम्ही मागची बाजू कोरलीत आणि पुढे फक्त १० मिमीची पाचर दिलीत.

हाडांखालचा जुना फोम कापून तिथे २५ मिमी रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला घट्ट फोम, बसवलात, वर १० मिमी मऊ थर. जेल पॅडला नकार दिलात तोही पटला: मे महिन्यात बेचाळीस अंशांत उभ्या गाडीवरचं जेल तवा होतं आणि लवकर निवत नाही. मेमरी फोमचंही तसंच, उन्हात तो नको तितका लोळागोळा होतो.

चिकटवायला रबराचं सोल्यूशन, दोन्ही बाजूंना पातळ, पंधरा मिनिटं सुकवून मग जोडायचं. जाड लावलं तर वाळून कडक पापुद्रा होतो आणि नेमका तोच बोचतो. रात्रभर उघडं ठेवलंत म्हणून वासही उरला नाही. फोमवर पातळ प्लास्टिक, शिवण बसायच्या जागेपासून दूर कडेला. रेक्झिन पंधरा मिनिटं उन्हात टाकून मऊ केलंत. आपल्याकडे हीट गन कशाला लागते म्हणा. पुढून, मागून, मग मधून कडांकडे ओढत स्टेनलेसच्या ६ मिमी पिना. लांब पिन बेस भोसकून फोमपर्यंत पाण्याला वाट करते, आणि साधी पिन गंजून रेक्झिन फाडते.

घडी घातलेल्या घोंगडीबद्दल मात्र आमचं मत अजून वेगळं आहे. तुम्ही तिला हसलात, पण तिच्यातून वारा खेळतो आणि घाम टिकत नाही. फक्त ती दोरीने पक्की बांधायला हवी, नाहीतर सीटवर केलेली सगळी पाणसळ वाया.

मिस्त्रीकाका, शंभर किलोमीटरनंतर पाना लावला तेव्हा डावीकडचा खालचा बोल्ट पाव फेरा फिरला, बाकीचे जागेवर होते. पाचशेनंतर एकही हलला नाही. आता मागे बसणाऱ्याच्या सीटचा नंबर आहे. चाचा, त्याचा पुठ्ठा आम्ही घरूनच उमटवून आणतो, दिवाळीच्या गर्दीआधी तारीख द्या.

आपले,
लांबच्या रस्त्याचे गिऱ्हाईक