२००९ सालाबद्दल, तू विचारलंस म्हणून

धानोरा, जि. गडचिरोली
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. नक्षलवादी नेता भूपतीने ऑक्टोबरमध्ये ६० साथीदारांसह गडचिरोलीत बंदुका खाली ठेवल्या, ते वाचून तू विचारतोस, "सुटलात ना रे आता?" हो, छाती जरा मोकळी झाली आहे. पण कशातून सुटलो ते तुला पुण्यात बसून कळायचं नाही, म्हणून २००९ चं लिहितो.

त्या वर्षी १ फेब्रुवारीला आमच्याच तालुक्यात मरकेगावला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोट्याला १६, त्यात पाच महिला पोलीस. ८ ऑक्टोबरला तिकडे भामरागडात लाहेरीला १७. विधानसभेचं मतदान पाच दिवसांवर होतं. पेपरात फक्त आकडे यायचे. अरे, पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकात बरीचशी इथलीच गोंड-माडिया पोरं, कारण जंगल आणि बोली त्यांनाच ठाऊक. आणि दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, गेलेली बरीच पोरं-पोरीही इथलीच. माझ्या एकाच वर्गातला एक मुलगा पोलिसात लागला, दुसऱ्याला दलमवाल्यांनी नेलं. दोघांच्या आया एकाच बोरिंगवर पाणी भरायच्या. त्या वर्षी त्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. भांडण काहीच नव्हतं, कोणी पाहील याची धास्ती.

रात्री दलम आलं की भात शिजवायचा. नाही म्हणणार कोण? मग उजाडायच्या आत भाताचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, राखेने घासून, पुसून, पालथा घालून ठेवायचा. सकाळी गस्तीवरच्या पोलिसांना तो ओला दिसला, तर घरात माणसं चार आणि गंज एवढा कशाला, हा पहिला प्रश्न. आणि पोलिसाशी दोन शब्द बोलताना दिसलास, की तू खबऱ्या. खबऱ्या ठरवून किती जणांना रात्री घरातून उठवून नेलं! सकाळी वाटेवर प्रेत आणि त्यावर चिठ्ठी. त्या माणसांसाठी कोणी सलामी दिली नाही, याचा मला आजही संताप येतो.

लोक आधी नक्षलवाद्यांच्या बाजूने गेले होते, हेही खरं. १९८० च्या सुमारास ते आंध्रातून आले, तेंदूपत्त्याचा भाव वाढवून घेतला, जंगल खात्याच्या माणसांचा जाच थांबवला. ते खोटं कसं म्हणू? पण पुढे गरिबाचाच गळा धरला.

आणि एक गोष्ट तुमच्याकडे कोणी सांगत नाही. त्याच २००९ मध्ये, याच धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा गावच्या लोकांनी वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ग्रामसभेत बसून, एकमताने ठरवून, अर्ज आणि पुरावे जोडून. एकही गोळी झाडली नाही. पुढे बांबू त्यांनी स्वतः विकला. मला विचारशील तर त्या वर्षातली सगळ्यात मोठी लढाई तीच. बंदुका गेल्या, बरं झालं. पण उद्या खाणीसाठी डोंगर मागताना या ग्रामसभांना कोणी विचारलं नाही, तर आमच्या पोरांना काय सांगायचं, हे मला कळत नाही.

तू मे महिन्यात ये. तेव्हा तेंदूचा हंगाम असतो, लोक पहाटेच जंगलात जातात, भेटतील सगळे. गडचिरोलीहून धानोऱ्याला एसटी आहे, स्टँडवर मी येतो. मेंढ्याला एक दिवस राहू. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
मनोहर