उभ्या बंबाशेजारून जाणाऱ्या गाड्यांना वेगमर्यादा घाला : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

सायरन वाजवत येणाऱ्या अग्निशमन बंबाला वाट दिली नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ई खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. 2019 च्या दुरुस्तीने आलेले हे कलम गरजेचेच होते. पण ते बंब येत असताना बाजूला न होणाऱ्यांपुरतेच आहे. बंब थांबला, जवान उतरले, रस्त्यावर होज (पाण्याचे लवचिक पाइप) पसरले की पुढे शेजारून गाडी कशी न्यायची, याबद्दल त्यात काही नाही. रस्त्यावरच्या जवानाला खरा धोका तिथून सुरू होतो.

सोलापुरात हा धोका जास्त वेळ टिकतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत 18 मे 2025 रोजी टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. सूत, चादरी, टॉवेल यांची आग वरून विझलेली दिसली तरी गाठींच्या आत धग राहते. गाठी ओढून बाहेर काढायच्या, फोडायच्या, आतपर्यंत भिजवायच्या, हे काम तासन्‌तास चालते. तेवढा वेळ अर्धा रस्ता बंब आणि होजने व्यापलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्यातून ट्रक, रिक्षा, दुचाकी जात राहतात.

एका ब्रँचमधून, म्हणजे होजच्या टोकाच्या तोटीतून, मिनिटाला साधारण 400 ते 500 लिटर पाणी जाते. म्हणजे 5 हजार लिटरची टाकी दहा-बारा मिनिटांत रिकामी होते. म्हणून टँकरची ये-जा थांबून चालत नाही. 63 मिलिमीटर व्यासाच्या 30 मीटर होजमध्ये सुमारे 93 लिटर पाणी दाबाखाली असते. त्यावर ट्रकचे चाक चढले की होज चेपतो, पुढचे पाणी तुटते आणि दाबाचा धक्का मागे पंपाकडे जातो. चाक उतरताच पाणी झटक्याने पुढे येते आणि ब्रँच धरलेल्या जवानाचा तोल जातो. चाक कपलिंगवर गेले तर जोड वाकतो, खडीवर दाबला गेला तर होज फाटतो. मग पंपाकडून येणारे पाणी बंद करून तो तुकडा बदलावा लागतो. आत धुरात गेलेल्यांच्या हाती तेवढा वेळ पाणी नसते.

आपल्याकडच्या बऱ्याच बंबांचा पंप मागच्या बाजूला असतो. पंप चालवणाऱ्याचे डोळे दाबमापकावर असतात आणि वाहतूक त्याच्या पाठीमागून येते. ताशी 80 किलोमीटरने येणाऱ्या मोटारीला कोरड्या डांबरावर थांबायला साधारण 70 मीटर लागतात. पाण्याने निसरड्या झालेल्या रस्त्यावर हेच अंतर 100 मीटरच्या आसपास जाते. ताशी 25 चा वेग असेल तर कोरड्यावर 15 मीटर पुरतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात दिवे लुकलुकत असलेल्या उभ्या आपत्कालीन वाहनाशेजारून जाताना ताशी 25 ची मर्यादा आहे, व्हिक्टोरियात 40 ची.

धोकादायक वाहन चालवण्यासाठी आपल्याकडे कलम 184 आहे, पण वेगाने बंबाशेजारून जाणे ‘धोकादायक’ होते हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. त्यामुळे कारवाई टळते. आकड्यातली वेगमर्यादा असेल तर कलम 183 लागते : हलक्या वाहनाला 1 ते 2 हजार, मध्यम व जड वाहनाला 2 ते 4 हजार रुपये दंड. कलम 112 प्रमाणे अशी मर्यादा राज्य सरकार घालू शकते, मात्र रस्त्यावर तसा फलक हवा.

म्हणून आमची पहिली मागणी फलकाची आहे. प्रत्येक बंबावर ‘25’ चे दोन घडीचे परावर्तक फलक आणि किमान दहा ट्रॅफिक कोन (रस्ता अडवायचे शंकू) द्यावेत. फलक लावण्याचा अधिकार घटनास्थळावरच्या अग्निशमन अधिकाऱ्याला अधिसूचनेनेच मिळावा. वाहतूक पोलीस येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. शहरात पहिला फलक 50 मीटर आधी, पुणे-हैदराबादसारख्या महामार्गावर 150 मीटर आधी. सोबत रस्ता ओलांडणाऱ्या होजसाठी, चाके होजला न चेपता वरून जातील असे रॅम्प द्यावेत. सारे मिळून हा खर्च एका बंबाच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

होजवरून गाडी नेणे आणि कोन तोडून आत घुसणे यांवर आज कलम 177 चा, पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंतचा दंड पुरेसा समजला जातो. तो पुरेसा नाही. यासाठी स्वतंत्र गुन्हा ठरवण्याची शिफारस आपण केंद्राकडे करावी. आग मोबाईलवर टिपत जाणाऱ्या चालकाला कलम 184 आजही लागू होते. ते तिथल्या तिथे लावावे.

दंडाची रक्कम फुगवण्यापेक्षा दंड नक्की होणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 167-ए मध्ये डॅशबोर्ड आणि अंगावरच्या कॅमेऱ्यांना मान्यता आहे. बंबावर प्रमाणित कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण थेट ई-चलन यंत्रणेला जोडावे. सुरुवात सोलापुरातून, अक्कलकोट रस्ता आणि होटगी रस्त्यापासून करावी.

आपले,
सोलापुरातील अग्निसुरक्षा क्षेत्रात काम करणारे नागरिक