यंत्र आले, माणसांचे काय?

मा. संपादक,

विज्ञान पुरवणीतला मास स्पेक्ट्रोमीटरवरचा, म्हणजे रेणूंचे वजन मोजून ते ओळखणाऱ्या यंत्रावरचा लेख वाचला. यंत्राची माहिती चांगली आहे, पण यंत्रात जाणारा नमुना तयार कोण करते, यावर एक ओळही नाही. बडोद्यातल्या एका प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षे हेच काम केले, म्हणून लिहिते आहे.

आमचे नमुने पेशीपटलातल्या, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांचे, आणि ती फार हट्टी असतात. आजची निम्म्याहून अधिक औषधे त्यांच्यावरच काम करतात, पण ती चरबीच्या पापुद्र्यात रुतलेली असल्यामुळे पाण्यात येतच नाहीत. पेशी फोडून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये अतिवेगाने फिरवल्या की नळीच्या बुडाशी पिवळसर, काचेसारखा ठिपका चिकटतो. दिवसभराची कमाई तेवढीच. तो विरघळवायला डिटर्जंट लागते. पिपेट जरा घाईने दाबले की फेस होतो आणि प्रथिन बिघडते. डिटर्जंट जास्त उरले तर यंत्राच्या आलेखात तेच दिसते, प्रथिन झाकले जाते. म्हणून गार अ‍ॅसिटोन घालून नमुना रात्रभर उणे २० अंशांवर ठेवायचा, सकाळी धुवायचा आणि मग ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराने तुकडे करायचे.

एकदा उत्तरायणाच्या थंडीत तीन दिवस खपून नमुना दिला. आलेखात निघाले मेंढीचे केराटिन, म्हणजे लोकरीतले प्रथिन. माझ्या लोकरीच्या स्वेटरचे! त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे एकाही हिवाळ्यात मी त्या खोलीत लोकर घातली नाही, आणि नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगायचे.

आता तिथे सांगणारे कोणी नाही. मी निवृत्त झाले, जागा भरली नाही. अकरा महिन्यांच्या करारावर मुली येतात, हात बसायला लागला की करार संपतो.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ कॅरल रॉबिन्सन सोळाव्या वर्षी शाळा सोडून फायझर या औषध कंपनीत प्रयोगशाळा-सहायक म्हणून लागल्या आणि हे यंत्र तिथेच शिकल्या. २००८ साली त्यांच्या गटाने पटलातले अख्खे प्रथिन-संकुल, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या प्रथिनांचा गट, न मोडता यंत्रातून नेऊन दाखवले. ज्या डिटर्जंटला आम्ही वैतागायचो, त्याचेच वेष्टण त्यांनी प्रथिनाभोवती राहू दिले आणि ते यंत्राच्या आत गेल्यावर उतरवले. वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. सहायकाच्या बाकावरून हे झाले!

पुढच्या लेखासाठी आपला प्रतिनिधी प्रयोगशाळेत गेला, तर विभागप्रमुखांशी बोलून झाल्यावर त्याने बाकापाशी उभ्या असलेल्या मुलीलाही विचारावे, नमुना कसा केलास, आणि तुझा करार कधी संपतो.

एक निवृत्त प्रयोगशाळा-सहायक,
दांडिया बाजार, बडोदे