विहिरीच्या पाण्याला वास येतोय? ब्लीचिंग टाकायच्या आधी वास नेमका कुठे आहे ते बघा

संपादक साहेब, नमस्कार.

पाण्याच्या प्रश्नावर पेपरात बरंच छापून येतं पण घरच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला तर माणसाने नक्की काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र. आमच्या विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं चांगलं होतं, मग एकदा सडक्या अंड्यासारखा वास सुरू झाला, घरातली चांदीची वाटी काळी पडायला लागली, आणि जो भेटेल तो एकच सांगायचा, ब्लीचिंग टाका. दोनदा टाकलं. आठ दिवस बरं वाटायचं की परत तेच.

आमचं चुकलं काय तर वास कुठे आहे हे आम्ही शोधलंच नाही. दोर सोडून बादलीने पाणी काढलं तर त्याला वास नाही, नळाला मात्र भरपूर, म्हणून सगळे म्हणाले पाइप खराब झालेत, बदला. बदलणार होतो सुद्धा. पण माझ्या दिराने एक बाटली घेतली, तिला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी बांधली, बाटली तळाशी सोडली आणि तिथे गेल्यावर बूच ओढलं. वर आली तेव्हा पाणी करडं, त्यात काळे कण, आणि वास असा की बाटली लांब धरावी लागली. वरचं पाणी हवेला लागलेलं असतं म्हणून ते चांगलं, आणि आमच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, नेमका तळाच्या गाळाजवळ, म्हणजे आम्ही रोज खालचंच पाणी ओढत होतो!

तळाशी पालापाचोळा कुजतो, तिथला ऑक्सिजन संपतो आणि मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तोच हा वास. पाण्यात तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी असला तरी नाकाला कळतो. गाळ तसाच ठेवून वरून कितीही ब्लीचिंग ओता, तो कुजका कचराच त्यातला क्लोरीन खाऊन टाकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाळ काढायला कोणालाही असंच विहिरीत उतरवू नका. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो, गाळ ढवळला की एकदम बाहेर पडतो, आणि जास्त झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते, म्हणजे माणसाला वाटतं वास गेला आणि तो तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. लोक कंदील सोडून बघतात, पण ज्योत विझली तर फक्त ऑक्सिजन कमी आहे एवढंच कळतं, जळत राहिली तरी हा वायू नाही असं अजिबात नाही, शिवाय मिथेनसारखा जळणारा वायू असेल तर भडका उडायची भीती. आम्ही गाळ वरूनच पंपाने उपसला, वेळ लागला, लागू दे. उतरायचंच असेल तर गॅस मोजायचं मीटर, बाहेरून हवा सोडणारा ब्लोअर, कमरेला दोर आणि वर माणसं, आणि हे काम शिकलेलाच माणूस पाहिजे.

गाळ निघाल्यावर मग ब्लीचिंग, आणि तेही मोजून. रोजच्या निर्जंतुकीकरणाला चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, पण जिवाणू मुळापासून मारायचे तर तेवढ्याच पाण्याला साधारण 150 ग्रॅम लागते. तीन मीटर रुंद गोल विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते झालं 14,000 लिटर, म्हणजे दोन किलोच्या थोडं वर. आम्ही आधी मूठ-दोन मूठ टाकत होतो, तीही उघड्या डब्यातली जुनी, जिच्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला. पावडर बादलीत कालवायची, खाली बसू द्यायची, वरचं नितळ पाणी तेवढं विहिरीत ओतायचं. अ‍ॅसिडजवळ ती चुकूनही न्यायची नाही, विषारी वायू होतो. मग प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा आणि बंद करून 12 ते 24 तास तसंच ठेवायचं, कारण पाइपात आणि टाकीतही जिवाणू बसलेले असतात. तेवढा वेळ ते पाणी पिणं नाही, अंघोळ नाही. नंतर वास जाईपर्यंत उपसून टाकायचं, पण झाडांना नको आणि सेप्टिक टँकमध्ये तर नकोच.

एवढं करूनही आमच्या गरम पाण्याला वास राहिला होता! तो गिझरमधून येत होता. गिझरच्या टाकीला गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो, त्याच्यामुळे हे जिवाणू आणखी फोफावतात. मेकॅनिककडून रॉड बदलून घेतला, टाकी धुतली, झालं. ज्यांच्या फक्त गरम पाण्याला वास आहे त्यांनी विहिरीच्या मागे लागूच नये.

काही ठिकाणी वायू जमिनीतल्या झऱ्यातूनच येतो, तिथे ब्लीचिंगने वास कायमचा जात नाही, पाणी कारंज्यासारखं उडवून किंवा हवा सोडून वायू काढावा लागतो, पुढे फिल्टर. आणि वास गटारासारखा असेल तर आधी सेप्टिक टँक बघा, रॉकेल-पेट्रोलसारखा असेल तर ते पाणी पिऊही नका आणि उकळूही नका, उकळून जंतू मरतात पण तेल जात नाही.

वास गेला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असंही नाही. क्लोरीन पूर्ण गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी लॅबमध्ये तपासून घ्या, 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू, एकही नको. वायूची तपासणी मात्र विहिरीवरच करून घ्यावी लागते, नमुना नेईपर्यंत तो उडून जातो.

आमच्या विहिरीवर आता जाळी आहे, फूट व्हॉल्व्ह तळापासून वर घेतलाय, आणि ती दगड बांधलेली बाटली कठड्यालाच अडकवून ठेवलीय, महिन्यातून एकदा सोडून बघतो. साहेब, जागा कमी असेल तर बाकीचं पत्र कापा पण विहिरीत उतरण्याबद्दल लिहिलंय तेवढं नक्की छापा.

आपली,
एक वाचक