नाग नदीकाठून पत्र

प्रिय बंड्या,

काय करून रायला बे पुण्यात? परवा फोनवर म्हणालास ना, नागपुरात पाहायसारखं आहेच काय, संत्री आणि ऊन? तवाच ठरवलं, याला सविस्तर लिहायचं. त्यात पोराच्या शाळेचा प्रोजेक्ट आला, आपली नदी म्हणून, तर तो मला विचारतो, बाबा नाग नदी म्हणजे तो नालाच ना? काय बोलणार, आपणही लहानपणी नालाच म्हणायचो.

म्हणून रविवारी त्याला गाडीवर घेऊन महालात गेलो. गांधी गेटखाली उभा केला आणि सांगितलं, हा जुना जुम्मा दरवाजा, शहराला तट होता त्याचा. देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, 1702 च्या सुमारास बारा वाड्या जोडून इथं गाव वसवलं, मग त्याच्या पोरानं, चांद सुलतानानं, तट आणि जुम्मा तलाव बांधला, आणि पुढं नागपूरकर भोसल्यांचं राज्य आलं. पोरगं ऐकत होतं की दरवाज्यातून कट मारणारे ऑटो मोजत होतं, देव जाणे. मग राजघाटावर भोसल्यांच्या छत्र्या, म्हणजे समाध्या, दाखवल्या. कोरीव दगड एवढा सुरेख, आणि शेजारून नदी वाहते काळी कुळकुळीत, पोरानं नाक धरलं ते धरलंच.

एम्प्रेस मिलचा भोंगा आठवतो? आजी त्यावर घड्याळ लावायची. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली आणि भरावच घालत बसले, तेव्हा गावातल्या एका सावकारानं पैसे द्यायला साफ नकार दिला, म्हणे हा माणूस जमिनीत सोनं गाडून रायला. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं दिल्लीत जाहीर झालं त्याच दिवशी मिल सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. आणि ती अशी चालली की तोच सावकार नंतर म्हणाला, यानं माती घातली अन् सोनं काढलं! 1886 ला तिथं कामगारांसाठी पेन्शन फंड होता, विचार कर. आता तिथं मॉल आहे, पोराला तो बरोब्बर माहीत होता.

पण मला खरं अडकवलं ते बाकाबाईनं. दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. काळी मारबत, म्हणजे पोळ्यानंतर मिरवून जाळतात तो पुतळा, तिचीच म्हणतात, इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून. आपणही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घसा फाटेस्तोवर ओरडायचो, घेऊन जा गे मारबत! आता वाचलं तर 1853 ला तिसरे रघुजी वारस न ठेवता गेले, इंग्रजांच्या गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं, भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला नेऊन विकले, जवाहीर कलकत्त्याला पाठवलं. तेव्हा ही म्हातारी म्हणाली, सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन. तरी नेलंच सगळं. आता सांग, या बाईची दरवर्षी मारबत काऊन काढायची? आईला हे सांगितलं तर म्हणाली, तू जास्त वाचू नको, जेवायला बस.

आणि हो, 23 सप्टेंबर 2023 विसरला नाहीस ना? अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पहाटे नाग नदी लोकांच्या हॉलमधून गेली, सोफे तरंगत होते, बस स्टँडवर पाणीच पाणी. त्या दिवशी तिला कोणी नाला म्हटलं नाही! पोराला हे सांगितलं तर त्यानं वहीत नाला खोडून नदी लिहिलं, आणि खाली चित्रात पाणी निळं रंगवलं. मी म्हटलं काळं रंगव, तर म्हणे मॅडम मार्क कापतील.

तू पोळ्याला येऊन रायला ना? तिकीट आत्ताच काढ, मागच्या वेळी वेटिंग वेटिंग करत राहिलास. तर्री पोहे माझ्याकडून, पण मारबतीत मी या वर्षी ओरडणार नाही, ते काम तुझं.

तुझाच,
बाळ्या