शनिवारची आंबट बिअर: येण्याआधी एवढं वाचा

मंडळी, शनिवारी संध्याकाळी सातला टिळकवाडीत, नेहमीच्याच गच्चीवर. या खेपेला बेल्जियमची ग्योझ आहे. एक, दोन आणि तीन वर्षं लाकडी पिंपात मुरलेली लाम्बिक ही आंबट बिअर एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवतात. यीस्ट वरून घालत नाहीत, हवेतलंच लागतं. पहिला घोट ताकात लिंबू पिळल्यासारखा, मागून गोठ्याचा वास. बाटली खराब नाही हो! मागच्या वेळी दोघांनी मोरीत ओतली होती.

बाटल्या आणणाऱ्यांनी त्या उभ्याच ठेवाव्यात, तळाचा गाळ हलता कामा नये. सोबत रवा लावून तळलेले बांगडे. झणझणीत रस्सा नको, तिखटापुढे आंबटपणा बोचतो. कुंदा शेवटी, क्रीकबरोबर, म्हणजे चेरी घातलेल्या लाम्बिकबरोबर. गाडी चालवणाऱ्यांना सोलकढी.