पश्चिमेची भिंत

वर्सोवा, मुंबई
18 एप्रिल

चि. सुवर्णा,
अनेक आशीर्वाद.

कंत्राटदाराने पाठवलेला फोटो पाहिला. चारी भिंतींना चकचकीत ॲल्युमिनियमचे पॅनेल आणि मधून निळी पट्टी. घर कसलं, मोबाइलचं दुकान वाटतंय! शिवाय अशा पॅनेलच्या पोटात प्लास्टिक असू शकतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची 2017 सालची आग अशाच पॅनेलवरून वर चढली, 72 माणसं गेली. आपलं घर एकमजली आहे खरं, पण गल्ली हातभर रुंद आणि खिडकीखाली शेजारणीची शेगडी.

दोन लाख आहेत, ते चार भिंतींवर शिंपडायचे कशाला? पाऊस येतो नैर्ऋत्येकडून. ओल येते ती पश्चिमेच्या भिंतीला. तुझ्या लग्नातला माझा शालू त्याच भिंतीच्या कपाटात काळा पडला. बाकी तिघींचे पोपडे खरवडून, भेगा भरून प्रायमर आणि बाहेरचा रंग मारला की झालं.

पश्चिमेला सिमेंटची सपाट शीट लावू, ॲस्बेस्टॉस नसलेली मागून घे. शेजारच्या पोराकडून दोरी टाकून मोजलं. 20 फूट रुंद, 18 फूट उंच, म्हणजे साडेतीन ब्रासच्या थोडं वर, शंभर चौरस फुटांचा एक ब्रास. 8 बाय 4 ची शीट 32 चौरस फूट झाकते. खिडकी वजा जाता, तुटफूट धरून 12 पुरतात. कंत्राटदाराच्या दुसऱ्या कागदावर 18 आहेत. विचार त्याला, उरलेल्या सहा कोणाच्या घराला लावणार?

आणि बाबांनी केलं ते करू नका. 2005 ला, त्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, आपली भिंत आतून गळत होती. दिवाळी होताच त्यांनी ओल्या भिंतीवरच लोखंडी खिळ्यांनी पत्रे ठोकले. खाऱ्या हवेत तीन पावसाळ्यांत खिळे गंजले, तांबडे ओघळ पार ओट्यापर्यंत आले. पत्रा काढला तर मागचं प्लास्टर भिजल्या भाकरीसारखं हातात आलं. आत गोगलगायी! बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

तेव्हा आधी भिंत ठोकून पाहायची, पोकळ वाजेल तिथलं प्लास्टर पाडून नवं करायचं, नीट पाणी मारून मग सुकू द्यायचं. शीट भिंतीला चिकटवायची नाही. मागे बोटभर पोकळी हवी, वर-खाली वारा जायला वाट, तिथे जाळी, नाहीतर उंदीर संसार थाटतील. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. कापलेल्या कडांना प्रायमर, आणि खालची कड ओट्यापासून वीतभर वर. परांची बांधलेलीच असेल, तेव्हा छज्ज्याखाली खाचही मारून घ्या, म्हणजे पाणी भिंतीवर न येता तिथूनच गळेल.

मे संपायच्या आत उरकायला हवं. रविवारी येताना मोठी टेप आण, दोरीच्या मापावर तो माणूस माझं ऐकायचा नाही. आणि सुकटीचा डबा परत आण, दोन महिने झाले.

तुझी,
आई